क्लबात पैसे लावून रमी: कायदा काय म्हणतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या तालुक्याच्या गावात एक जुना क्लब आहे. पुढे बॅडमिंटनचं कोर्ट, मधे वर्तमानपत्रं वाचायची खोली आणि मागच्या अंगाला पत्त्यांची खोली. मी तिथे अकरा वर्षं सचिव होतो. त्या काळात सभासदांनी, त्यांच्या बायकांनी, नव्याने क्लब काढू पाहणाऱ्यांनी आणि एकदा एका तरुण फौजदारानेही मला हेच प्रश्न विचारले. उत्तरं महाराष्ट्रापुरती आहेत. दुसऱ्या राज्याचा उल्लेख जिथे गरज आहे तिथेच केला आहे. मी वकील नाही. तुमच्यावर गुन्हा दाखल झालेला असेल तर हे वाचत बसू नका, आधी वकील गाठा.

क्लबात पैसे लावून पत्ते खेळणं गुन्हा आहे का?

तीन गोष्टींवर अवलंबून आहे: खेळ कोणता, जागा कोणती आणि त्या खेळातून जागेच्या मालकाला काय मिळतं. लोक पहिल्या गोष्टीवर रात्र रात्र वाद घालतात. माझा अनुभव असा की क्लब बुडतात ते तिसऱ्या गोष्टीमुळे.

महाराष्ट्रात लागू आहे तो महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७. जुने लोक अजून ‘मुंबई जुगार कायदा’ म्हणतात, कारण आधी त्याच्या नावात मुंबई होतं. इंग्रजांच्या काळातला हा कायदा आजही बातमीत रोज भेटतो: ‘कलम ४ व ५ अन्वये गुन्हा दाखल’, ‘कलम १२ अ प्रमाणे कारवाई’. कलम ४ जुगारअड्डा चालवणाऱ्यासाठी आहे, कलम ५ तिथे सापडलेल्या खेळणाऱ्यासाठी, कलम १२ रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी खेळणाऱ्यासाठी. आणि क्लबवाल्यांचा सगळा भरवसा ज्यावर असतो ते कलम १३: निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही, मग तो कुठेही खेळला जावो.

रमी कौशल्याचा खेळ आहे, हे कोणी ठरवलं?

सर्वोच्च न्यायालयाने, सिकंदराबादच्या एका क्लबच्या प्रकरणात. ही गोष्ट प्रत्येक सचिवाला ठाऊक असायला हवी, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मे १९६३ मध्ये तिथल्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबवर पोलिसांनी छापा घातला. काही जण पैसे लावून रमी खेळत होते. सचिव, खजिनदार आणि खेळणारे अशा सगळ्यांवर जुन्या हैदराबाद संस्थानच्या जुगार कायद्याखाली खटला भरला. मॅजिस्ट्रेटने शिक्षा ठोठावली, उच्च न्यायालयाने ती उठवली, सरकार अपिलात दिल्लीला गेलं. ‘आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण’ या नावाने तो निकाल ओळखला जातो. १९६७ च्या नोव्हेंबरात तो लागला, पण १९६८ च्या निकालपत्रांत छापला गेला म्हणून सगळे त्याला १९६८ चा निकाल म्हणतात.

न्यायालयाचं म्हणणं असं होतं: रमीत कोणतं पान पडलं, कोणी काय उचललं हे लक्षात ठेवावं लागतं; कोणतं पान धरायचं आणि कोणतं टाकायचं याला अक्कल लागते. पानं पिसून वाटली जातात तेवढ्यापुरतं नशीब आहे, पण ते ब्रिजमध्येही आहेच. म्हणून रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ. ‘निव्वळ कौशल्य’ या शब्दांचा अर्थ नशीब औषधालाही नको असा होत नाही. कौशल्याचं पारडं जड असलं की पुरे. १९५७ च्या चमारबागवाला खटल्यांत बक्षीस स्पर्धांबद्दल न्यायालयाने हीच कसोटी लावली होती.

इथपर्यंतचा भाग क्लबांच्या भिंतींवर चौकटीत लावलेला असतो. पुढचा भाग मी कुठल्याही भिंतीवर पाहिला नाही. त्याच निकालात म्हटलं आहे की क्लबचा किंवा जागेचा मालक पैसे लावून चाललेल्या रमीतून किंवा दुसऱ्या कुठल्या खेळातून नफा कमावत असेल, किंवा आणखी कुठल्या मार्गाने तिथे जुगार चालला असल्याचा पुरावा असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. सिकंदराबादचा क्लब सुटला, कारण त्याने घेतलेले आकार, म्हणजे शुल्क, सोयीसुविधांचे होते आणि ते भरमसाट नव्हते.

मग तीन पत्ती?

नाही. त्याच निकालात तीन पानांचा खेळ, म्हणजे फ्लश, निव्वळ नशिबाचा ठरवला आहे. आपल्याकडे त्याची नावं बदलतात. मराठवाड्यात तिर्रट म्हणतात. झन्ना-मन्ना, अंदर-बाहर हे वेगळे खेळ, पण तेही नशिबाचेच. यातला कुठलाही खेळ क्लबात पैशांवर चालला तर तो जुगारच. ‘ब्लाइंड, म्हणजे पानं न बघता, खेळायलाही डोकं लागतं’ हा युक्तिवाद मी पुष्कळ ऐकला आहे. छापा पडल्यावर तो कोणी केलेला ऐकला नाही.

क्लबने टेबलामागे पैसे घेतले तर चालतं का?

सगळं इथे येऊन ठेपतं.

कायद्यातली जुगारअड्ड्याची व्याख्या बघा. अशी जागा, की जिथे जुगाराचं साहित्य ठेवलं किंवा वापरलं जातं, आणि तेही जागा बाळगणाऱ्याच्या किंवा वापरणाऱ्याच्या फायद्यासाठी. मग तो फायदा जागेचं भाडं म्हणून येवो, साहित्याचं भाडं म्हणून येवो किंवा आणखी कुठल्या वाटेने. ‘आणखी कुठल्या वाटेने’ ही शब्दयोजना फार लांबपर्यंत पोचते.

आता आमच्या खोलीत चला. हिरवं रेक्झिन ठोकलेलं टेबल, सहा खुर्च्या, जोकरसकट दोन कॅट (पत्त्यांचे जोड), कोपऱ्यात पाटी आणि खडू. तेरा पानी रमी, दहा पैसे पॉइंट. पहिल्याच फेरीत पानं टाकून डाव सोडला तर २० पॉइंट, मधे सोडला तर ४०, एकही सीक्वेन्स (एकाच रंगाची ओळीची पानं) नसताना समोरच्याने शो केला, म्हणजे डाव लावून दाखवला, तर फुल काउंट ८०. म्हणजे एका डावात माणूस जास्तीत जास्त ८ रुपये हरणार. क्लब प्रत्येक खेळणाऱ्याकडून संध्याकाळचे ठरलेले वीस रुपये घेत असे, त्याची पावती फाडत असे. त्यात पंखा, दिवे, चहा आणि नवा कॅट. कोणी जिंको, कोणी हरो, डाव पाच पैशाचा असो की रुपयाचा, क्लबचे वीस म्हणजे वीसच.

तेच टेबल गावाबाहेरच्या नव्या ‘क्रीडा मंडळा’त. दहा रुपये पॉइंट, एका डावात ८०० रुपये जायची तयारी ठेवायची. दर डावाला जिंकणाऱ्याच्या ढिगातून पोऱ्या कट, म्हणजे मालकाचा वाटा, बाजूला काढतो आणि डब्यात टाकतो. डाव जेवढा मोठा, तेवढा डबा जड. तिथे रमीच चालते, पानंही तीच, पण जागेच्या मालकाला आता प्रत्येक डावात वाटा आहे. माझ्या मते असा क्लब १९६८ च्या निकालाच्या छत्रीखाली उभा राहूच शकत नाही.

‘आकार किती घेतला तर चालेल?’ असा आकडा कायद्यात दिलेला नाही. आम्ही स्वतःसाठी एक कसोटी ठरवली होती: उद्या सगळ्यांनी पैसे न लावता रमी खेळायची ठरवली, तरी क्लबला आज मिळतात तेवढेच पैसे मिळतील का? उत्तर ‘नाही’ असेल, तर क्लब खेळावर जगतो आहे.

ब्रिज, पोकर, पपलू यांचं काय?

ब्रिजबद्दल वाद नाही. पोकरबद्दल न्यायालयांचं एकमत नाही: कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो कौशल्याचा खेळ असल्याच्या बाजूने कल दिला, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगार ठरवला. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यात तर ब्रिज, रमी, नॅप यांच्याबरोबर पोकरलाही नाव घेऊन सूट आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात असं एकाही खेळाचं नाव घेतलेलं नाही. म्हणून क्लबच्या समितीने पोकरचं टेबल मांडू नये, असं मी सांगेन.

पपलूचा विचार वेगळा करावा लागतो. खेळायची पद्धत रमीचीच, पण पपलू, टिपलू, निचलू ही ठरावीक पानं हातात आली की त्यांचे वेगळे पॉइंट मिळतात. म्हणजे नुसतं पान आलं म्हणून पैसे. जिथे या बोनसचा भाव डावापेक्षा मोठा ठेवतात, तिथे नशिबाचं पारडं तुम्ही स्वतःच्या हाताने जड करत असता.

सभासद नसलेला माणूस येऊन खेळला तर?

क्लबचा मुख्य बचाव हाच असतो की ही सभासदांनी सभासदांसाठी चालवलेली जागा आहे. दारात दहा रुपये घेऊन ‘तात्पुरता सभासद’ अशी चिठ्ठी हातात ठेवली की तो बचाव तिथेच संपला. सभासदत्वाचा अर्ज, समितीची मंजुरी, वार्षिक वर्गणी, नोंदवही हे सगळं खरं आणि त्या त्या तारखेलाच झालेलं असलं पाहिजे. पाहुणा आला तर सभासदाबरोबर, नोंदवहीत सही करून. पैशाच्या टेबलावर पाहुणा बसवायचा नाही, असा आमचा नियम होता. त्यावरून दोन वर्षं भांडणं झाली.

रोख न ठेवता टोकन वापरले, हिशेब बाहेर केला तर?

काही फरक पडत नाही. ‘जुगाराचं साहित्य’ या व्याख्येत पत्ते तर आहेतच, पण खेळाच्या नोंदी ठेवायची वही, कागदही त्यात येतात. पॉइंट लिहिलेली पाटीसुद्धा मुद्देमालात जमा होऊ शकते.

आमच्याकडे संस्थेची नोंदणी आहे, करमणुकीचा परवाना आहे. मग भीती कशाची?

सोसायटी नोंदणी कायदा, १८६० खाली किंवा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी झाली म्हणजे संस्था कागदावर उभी राहिली, एवढंच. करमणुकीच्या जागेचा परवाना महाराष्ट्र पोलीस कायद्याखालच्या नियमांनुसार मिळतो आणि तो जागेसाठी असतो. तीन पत्तीला कायदेशीर करणारा परवाना महाराष्ट्रात कुणीच देऊ शकत नाही. ‘वरपर्यंत सेटिंग आहे’ असं सांगून जागा भाड्याने मागणारा माणूस आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

घरी, सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, गणपतीच्या मांडवात?

कोजागिरीच्या रात्री, दिवाळीच्या पाडव्याला घरात चार आण्यांवर पत्ते खेळायची रीत जुनी आहे. पाडव्याला द्यूतप्रतिपदा हे नावच आहे. घरात नातेवाईक जमले आणि घरमालकाने त्यातून काही कमावलं नाही, तर ते घर जुगारअड्डा होत नाही. तोच घरमालक रोज रात्री ओळखीपाळखीच्यांना बोलावून दर डावाला कट काढू लागला की घराचा अड्डा होतो, मग दारावर तोरण का असेना.

सोसायटीच्या क्लबहाउसला क्लबचेच निकष लावा. मांडवाचं मात्र वेगळं आहे. जागरणाला बसलेली मंडळाची पोरं मेंढीकोट, पाच-तीन-दोन खेळतात, त्याला कोणाची ना नाही. पण मांडव रस्त्यावर असतो, रस्ता सार्वजनिक जागा आहे, आणि कलम १२ खाली पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते. रात्री दीड वाजता मेंढीकोटाचं तिर्रट कधी होतं ते कळतही नाही. सकाळी पोराचं नाव ठाण्याच्या डायरीत असतं आणि पुढे नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तेच नाव निघतं. मंडळाच्या अध्यक्षांनी हे मनावर घ्यावं.

छापा पडला तर काय होतं? काय करावं?

बंद जागेत, म्हणजे क्लबात किंवा घरात शिरण्यासाठी कलम ६ खाली अधिकार लागतो. आयुक्तालयाच्या हद्दीत सर्वसाधारण लेखी आदेश किंवा पोलीस आयुक्तांचं विशेष वॉरंट, इतरत्र जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस अधीक्षकांसारख्या वरिष्ठांनी दिलेलं विशेष वॉरंट असावं लागतं. ते बघायला मागा, नम्रपणे. अशा रीतसर छाप्यात पत्ते वगैरे साहित्य सापडलं, तर कलम ७ प्रमाणे ती जागा जुगारअड्डा असल्याचं गृहीत धरलं जातं आणि तसं नाही हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. नोंदवह्या आणि पावत्या कामाला येतात त्या इथे.

१ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण करावं लागतं. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. जप्त रकमेचा आकडा टेबलनिहाय लिहिला आहे का ते पाहा.

टेबलनिहाय का, ते सांगतो. एका पाडव्याला आमच्याकडे पुढच्या तीन टेबलांवर रमी चालू होती आणि मागच्या खोलीत चौघांनी दार लोटून तीन पत्ती मांडली होती. मी घरी फराळाला होतो. छापा पडला तेव्हा सगळी रोकड एका चादरीवर ओतली गेली आणि पंचनाम्यात एकच रक्कम आली. कोणता रुपया कोणत्या टेबलावरचा, हे नंतर कोणालाच सांगता येईना. रमी खेळणारे सुटले, पण तारखा घालण्यात तीन वर्षं गेली. त्यात एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक होते, ते पुन्हा क्लबाची पायरी चढले नाहीत. चूक आमची होती. त्या खोलीला कुलूप नव्हतं.

शिक्षा काय आहे?

अड्डा चालवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत, अड्ड्यावर खेळताना सापडलेल्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दंड. दुसऱ्या-तिसऱ्यांदा सापडल्यास शिक्षा वाढते. हे गुन्हे जामीनपात्र आहेत. मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये ‘किरकोळ संघटित गुन्हा’ आला आहे आणि टोळीने चालवलेला बेकायदा जुगार त्यात मोडतो. त्याला किमान एक वर्ष आणि कमाल सात वर्षं शिक्षा आहे. कट काढून अड्डे चालवणाऱ्यांसाठी खेळ आता पूर्वीसारखा स्वस्त राहिलेला नाही.

हरलेल्या माणसाकडून उधारी वसूल करता येते का?

भारतीय करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार निरर्थक असतो, कोर्टातून पैसे मिळत नाहीत. जुन्या मुंबई प्रांतात तर १८६५ च्या कायद्याने पैजेला जोडून केलेले व्यवहारही निरर्थक ठरवले, म्हणजे खेळायला म्हणून दिलेलं उसनंही अडकतं. चेक लिहून घेतला तरी, मुळात कायद्याने वसूल होणारं देणं असेल तरच चेक न वटल्याचा खटला टिकतो. आमच्या क्लबात उधारीवर खेळायला बंदी होती. खिशात आहे तेवढं टेबलावर, ते संपलं की घरी.

जिंकलेल्या पैशांवर कर लागतो?

लागतो. पत्त्यांच्या खेळातल्या कमाईवर सरसकट ३० टक्के, वर उपकर. एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेपेक्षा कमी आहे म्हणून सूट मिळत नाही, आणि मंगळवारी हरलेले बुधवारच्या जिंकलेल्यातून वजा करता येत नाहीत.

मोबाइलवरची रमी मग कायदेशीर का नाही? खेळ तर तोच.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ त्यात बंद केले आणि ते कौशल्याचे की नशिबाचे हा भेदच ठेवला नाही. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. क्लबाच्या टेबलावरच्या पत्त्यांना तो कायदा लागत नाही. पण क्लबात टॅब ठेवून सभासदांना ऑनलाइन टेबलं उघडून दिली, तर १९६८ चा निकाल तुमच्या उपयोगाचा नाही.

गोव्यात चालतं, मग इथे का नाही?

राज्यघटनेने जुगार आणि पैज हा विषय राज्यांकडे दिला आहे. गोव्याने आपल्या १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ मध्ये कलम १३ अ घालून वाट काढली, म्हणून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रं आणि मांडवी नदीतल्या जहाजांवर टेबलं दिसतात. महाराष्ट्रानेही १९७६ मध्येच कॅसिनो नियंत्रण व कर कायदा मंजूर केला होता, पण तो कधी अंमलात आणला नाही. २०२३ मध्ये सरकारने तो रद्द करायचं ठरवलं. उलट दिशेचं उदाहरण तेलंगणाचं: ज्या सिकंदराबादेत रमी सुटली, तिथेच २०१७ मध्ये कायदा बदलून कौशल्याच्या खेळाची सूट काढून घेतली. दुसऱ्या राज्यात लग्नाला गेलात आणि वऱ्हाडाच्या खोलीत पत्ते निघाले, तर हे लक्षात असू द्या.

नवरा रोज क्लबात पैसे घालवतो. क्लबला काही सांगता येईल का?

येईल, आणि सांगावं. एका रात्री साडेअकराला एक बाई मुलीला कडेवर घेऊन आमच्या फाटकाशी आल्या. आत आल्या नाहीत. नवऱ्याचा पंपावरचा पगार झाला का, एवढंच वॉचमनला विचारत होत्या. पगार झाला होता आणि आमच्या टेबलावर संपला होता. दहा पैसे पॉइंट आम्ही ठरवला तो त्या आठवड्यात. तोवर दोन रुपये होता. घरच्यांनी लेखी कळवलं तर त्या सभासदाला पत्त्यांच्या खोलीत बसू द्यायचं नाही, हा ठरावही तेव्हाच झाला. असा ठराव कुठलीही समिती करू शकते, त्याला सरकारची परवानगी लागत नाही. सुटत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

पत्त्यांच्या खोलीत फलक लावायचा आहे. काय लिहू?

आमचा अजून लावलेला आहे, हवा तर उतरवून घ्या: ‘फक्त सभासद. फक्त रमी आणि ब्रिज. पॉइंट दहा पैसे. टेबलाचे वीस रुपये पावती घेऊनच द्यावेत. डावातून क्लबसाठी कोणीही काहीही काढू नये. उधारी नाही. रात्री दहाला दिवे बंद. मागच्या खोलीची किल्ली सचिवांकडे.’